प्रकरण चौदावे : शिक्षा एकापाठोपाठ

निकाल लागून बावीस दिवस झाले होते आणि एवढ्या दिवसांत घरातल्या एकाही माणसाने तो मुळातून वाचला नव्हता. इतर कुठल्या घरात हे घडलं असतं तर एक वेळ समजून घेता आलं असतं. पण या घरात ताई होती. एकोणीस वर्षं कोर्टात बसून परक्यांचे निकाल इंग्रजीतून आपल्या भाषेत आणणारी ताई. लोक तिला शोधत जिन्यापर्यंत यायचे, आणि सख्ख्या धाकट्या भावाचा निकाल मात्र तिने दादाच्या तोंडून ऐकला होता. नऊ महिने, दादा म्हणाला. तिनेही मान डोलावली.

नात्यातल्या माणसाच्या प्रकरणाचं भाषांतर करायचं नाही, असा तिच्या कचेरीचा नियम होता. नियम चांगलाच होता, पण ताईने तो पांघरून घेतला होता, हे तिचं तिलाही कळत होतं. भाषांतर करायचं नाही म्हणजे वाचायचंही नाही, असं कुठे लिहिलं होतं?

रविवारी सकाळी लॉन्ड्री बंद होती. एरवी खालून येणारी वाफेची धडधड नव्हती, म्हणून वरच्या घरात चहाचा कप ठेवल्याचा आवाजही मोठा वाटत होता. दादाने सगळ्यांना बोलावलं होतं. त्याला एकच गोष्ट सर्वांकडून वदवून घ्यायची होती. अपील करायचं नाही. नऊ महिने म्हणता म्हणता जातील, अपिलात उगाच सगळं उकरलं जाईल, हॉटेलवाले कामं काढून घेतील, खालची पंधरा माणसं घरी बसतील. वकिलाच्या कारकुनाने करून दिलेला दीड पानाचा सारांश त्याने आईपुढे ठेवला आणि तिच्या चष्म्याची वाट पाहत बसला.

तेवढ्यात धाकटी सून आली. धाकट्याची बायको शाळेची बस चालवायची. रविवारीसुद्धा तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. ती बसली नाही. तिने पिशवीतून शिक्का मारलेली जाडजूड नक्कल काढली आणि त्या दीड पानावर ठेवली.

"तेवीस पानं आहेत," ती म्हणाली. "दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात चार दिवस रांगेत उभी राहिले, तेव्हा मिळाली. मला यातलं काही कळत नाही. ताई, तुम्ही वाचा."

दादा हसला. त्याचं ते हसू ताईच्या लहानपणापासूनच्या ओळखीचं होतं. समोरचा मूर्ख आहे हे ठरलं की ते यायचं. त्याने धाकटीला समजावलं की कायद्याची भाषा उगाच लांबण लावते, सार तेवढंच असतं, आणि ताईला तर नियमाने वाचताही येत नाही. हो ना गं, दुभाषी? लहानपणापासून तो तिला चिडवायचा तसंच म्हणाला.

"कोर्टासाठी नाही वाचता येत," ताई म्हणाली. "आईसाठी येतं."

तिने नक्कल जवळ ओढली. तिची सवय होती, निकाल शेवटून वाचायचा. आधी शेवटचं पान, मग कारणं. शेवटच्या पानावर तिची नजर एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज तिने कोर्टातलाच ठेवला, सपाट.

आईने विचारलं, कन्व्हिक्शन म्हणजेच शिक्षा ना? बावीस दिवस हा शब्द तिच्या कानावर पडत होता आणि विचारायची सोय नव्हती.

"नाही आई. कन्व्हिक्शन म्हणजे दोषी ठरवणं. शिक्षा त्याच्या मागून येते, तिला सेन्टेन्स म्हणतात. आधी माणूस ठरतो, मग महिने ठरतात. याला दोन गुन्ह्यांत दोषी ठरवलंय. एक, चादरींच्या रोलरची सुरक्षा-जाळी काढून टाकून कामगाराला गंभीर दुखापत होऊ दिली. दोन, तपासणीच्या वहीत खोट्या सह्या केल्या."

"तिचं काय लिहिलंय?" आई म्हणाली. "चादरवालीचं?"

ताईने पानं उलटली. चादरवाली अकरा वर्षं त्या रोलरवर होती. ओली चादर एका बाजूने घालायची, पलीकडून ती इस्त्री होऊन कडक बाहेर पडायची. उजव्या हाताची चार बोटं गेली. ती आता चमचा डाव्या हाताने धरते, एवढंही न्यायाधीशांनी लिहिलं होतं. ताईने ते सगळं वाचलं. आईने डोळे मिटून ऐकलं आणि पुढे वाच अशी खूण केली.

"प्रत्येक गुन्ह्याला नऊ महिने," ताई म्हणाली. "अटकेतले सतरा दिवस वजा. आणि दोन्ही शिक्षा कॉन्सिक्युटिव्ह."

"म्हणजे?" धाकटीने विचारलं.

"कन्करंट असतं तर दोन्ही एकदम चालल्या असत्या, नऊ महिन्यांत दोन्ही संपल्या असत्या. कॉन्सिक्युटिव्ह म्हणजे एकापाठोपाठ एक. पहिली संपली की दुसरी सुरू. अठरा महिने."

धाकटीने आता खुर्ची ओढली आणि बसली. बावीस दिवस ती कॅलेंडरवर नऊ महिन्यांचा हिशेब मांडत होती. मुलांच्या परीक्षा, सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं तिने त्या नवांत बसवलं होतं. तिने दादाकडे पाहिलं. दादाने वकिलाकडे हात दाखवला, म्हणजे वकील जिथे कुठे असेल त्या दिशेला. कारकुनाची चूक असेल, तो म्हणाला, दोन्ही ठिकाणी नऊच लिहिलंय, त्याला वाटलं असेल नऊच.

"कारकून कशाला चुकेल?" ताई म्हणाली. "या सारांशात कॉन्सिक्युटिव्हची ओळच नाही. ती कोणीतरी गाळायला लावली."

वहिनी, म्हणजे दादाची बायको, इतका वेळ बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. लॉन्ड्रीचं काउंटर ती सांभाळायची. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून ऐकून तिने गप्प राहण्याची कला कमावली होती. ती एवढंच म्हणाली की आईंची तब्येत बघून सांगितलं नसेल. झालं, दादाने ते लगेच उचललं. हो, आईसाठीच. सगळं आईसाठीच. या घरात पंचवीस वर्षं जे जे लपवलं गेलं ते आईसाठीच लपवलं गेलं होतं, आणि आई मात्र सगळ्यांत आधी ओळखायची.

मग सह्यांचा विषय निघाला आणि सगळेच थोडे ओशाळले, कारण तो सगळ्यांचाच होता. रोलरची जाळी जागेवर आहे, हे रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी पाहून वहीत सही करायची, असा कायदा. या घरात ती वही सोमवारी सकाळी चहाबरोबर वर यायची आणि सोमवार ते शनिवार सहाही सह्या एका बैठकीत व्हायच्या. बाबांच्या वेळेपासून. बाबांची नजर गेल्यावर सही मुलांकडे आली. शाळेत असताना ताईनेही केल्या होत्या; अक्षर चांगलं म्हणून तिचं कौतुकही झालं होतं. मग धाकट्याचं अक्षर तिच्याहून सुबक निघालं आणि वही त्याची झाली. अपघात झाला बुधवारी. सरकारी अधिकाऱ्याने वही उघडली तेव्हा तिच्यात गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारच्या सह्या झालेल्या होत्या. जे दिवस उगवलेच नव्हते, त्या दिवशीही जाळी जागेवर असल्याचं धाकटा लिहून बसला होता.

ताईला वाचताना वाटलं, न्यायाधीशाला हे केवढं मोठं कारस्थान वाटलं असेल. आणि होतं काय, तर एका घराचा आळस. तिला स्वतःचाच राग आला. रोज ज्या कोर्टात ती खोट्या सह्यांची प्रकरणं भाषांतरित करायची, तिथून घरी येऊन सोमवारी तिनेच ती वही टेबलावरून बाजूला सरकवून आपलं ताट ठेवलं होतं.

"पण ह्यांना कबूल करायला कोणी सांगितलं?" धाकटी म्हणाली. ती आता कुणाकडेच बघत नव्हती, टेबलावरच्या चष्म्याच्या घराकडे बघत होती. निकालाच्या दिवशी धाकटा ते विसरून गेला होता. संध्याकाळी परत यायचंच आहे म्हणून कोणी नेऊनही दिलं नव्हतं. "दादा, तुम्ही सांगितलंत. कबूल केलं की सस्पेंडेड शिक्षा मिळते म्हणालात. म्हणजे शिक्षा कागदावर राहते, माणूस घरी येतो. दोन दिवस तुम्ही ह्यांना गाडीत बसवून पाठ करून घेतलंत. आय प्लीड गिल्टी. ह्यांचं गिल्टी नीट येत नव्हतं तर तुम्ही हसलात. मी मागच्या सीटवर होते."

दादा म्हणाला, वकिलानेच तसं सांगितलं होतं. नव्वद टक्के केसेसमध्ये तसंच होतं. नशीब खराब म्हणून न्यायाधीश कडक निघाला. आता कबुली दिल्यावर मागे फिरता येत नाही, हे ताईलाही माहीत आहे.

"दोषी ठरवण्यावर अपील करता येत नाही," ताई म्हणाली. "शिक्षेवर येतं. तीस दिवसांत. बावीस तू घालवलेस."

"मी घालवले?" दादाचा आवाज चढला. मग तो उठला आणि त्याने जे सुनावायचं ते सुनावलं. बाबा गेले तेव्हा लॉन्ड्री कोणी उचलली? ताईला कोर्टाची परीक्षा द्यायला वर्षभर घरी कोणी बसवून पोसलं? धाकटा तीन नोकऱ्या सोडून परत आला तेव्हा त्याला कोणी घेतलं? मी आत गेलो असतो तर दुसऱ्या दिवशी बॉयलर थंड पडला असता, सह्या करायला कोणीही मिळतो, बॉयलर चालवायला मिळत नाही. तो बोलत होता आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून ताईला जास्तच चीड आली. माणूस खरं बोलून किती खोटं वागू शकतो, हे तिने कोर्टात पुष्कळ पाहिलं होतं. घरात पाहायची तयारी नव्हती.

आणि आपण काय बोलून गेलो, हे दादाच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. मी आत गेलो असतो तर. आईनेही ते ऐकलं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

"पुढे वाच," ती ताईला म्हणाली. "एकापाठोपाठ का दिल्या, ते असेल ना?"

होतं. एकोणिसाव्या पानावर. ताईने आधी मनात वाचलं. गाळायची इच्छा तिला तेव्हा झाली, आयुष्यात पहिल्यांदा. कामाचा पहिला धडा होता, आपल्या पदरचं घालायचं नाही, त्यांचं गाळायचं नाही, टोकदार असेल ते बोथट करायचं नाही. ती वाचू लागली, एकेक वाक्य आपल्या भाषेत आणत.

"सुरक्षा-जाळी आपण स्वतः काढली आणि भंगारात विकली, असे आरोपी सांगतो. ती न्यायालयापुढे आलेली नाही. हा निर्णय एकट्या आरोपीचा असावा, यावर विश्वास ठेवणे अवघड आहे. तथापि दुसऱ्या कोणाचे नाव घेण्यास त्याने तीन वेळा नकार दिला. पुरावा नाहीसा करणे ही शिक्षा वाढवणारी बाब आहे. केवळ या कारणाने दोन्ही शिक्षा एकापाठोपाठ भोगावयाच्या आहेत."

धाकटीने विचारलं, म्हणजे ती जाळी मिळाली असती तर? ताईने सांगितलं, मिळाली असती तर दोन्ही एकत्र चालल्या असत्या. वरचे नऊ महिने गुन्ह्याचे नाहीतच, ते त्या जाळीचे आहेत.

हे सांगताना ताईची नजर सहज गॅलरीकडे गेली. तिथे आईचा जुईचा वेल होता. वर्षभरात चांगला फोफावला होता, कठड्यापासून वरपर्यंत हिरवागार. आणि तो ज्यावर चढला होता ती चौकट पोलादी होती, पुरुषभर लांब, बारीक चौकोनांची, दोन्ही टोकांना बिजागरीची भोकं असलेली. ताई पावसाळ्यात तिला ओली छत्री अडकवायची.

तिने मान वळवली तर वहिनीही तिकडेच बघत होती. आणि आई तर कधीपासून बघत होती कोण जाणे.

"मी मागितली होती," आई म्हणाली. "वेलाला काहीतरी आधार आण म्हणून याच्या मागे लागले होते. दुसऱ्या दिवशी हा घेऊन आला. मी म्हटलं, बघा, आईचा शब्द खाली पडू देत नाही."

दादा म्हणाला, ती वेगळी आहे. तशा जाळ्या शंभर मिळतात बाजारात.

तेव्हा वहिनीने बिस्किटांचा डबा खाली ठेवला. पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या विरोधात ती चारचौघांत कधी बोलली नव्हती. काय असेल ते खोलीत, दार लावून. ती बोलली तेही खालच्या आवाजातच.

"तुम्हीच काढलीत. चादरी अडकतात, सीझन संपेपर्यंत राहू दे म्हणालात. स्क्रू मी धरले होते. मी विचारलं, परत कधी लावायची, तर म्हणालात, तुला काय कळतं. भाऊजींना तर तुम्ही चार दिवसांनी सांगितलंत. सही करताना ते म्हणाले होते, दादा, आज खाली जाऊन बघून येतो. तुम्ही म्हणालात, चहा गार होईल."

दादाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू काउंटरच बोलायला लागलं होतं.

आई उठली. स्वयंपाकघरातून कात्री घेऊन आली आणि गॅलरीत गेली. वेल कापताना तिने घाई केली नाही. खालचं जाड खोड आधी कापलं, मग वरचे धागे एकेक सोडवले. कळ्या लागलेल्या होत्या. धाकटी मदतीला गेली तर तिला हातानेच थांबवलं. दादा दारात उभा राहून म्हणत होता, आई, विचार कर, हे बाहेर गेलं तर लॉन्ड्री जाईल, मी जाईन, आणि धाकटाही खोटं बोलला म्हणून त्याच्यावर नवीन केस होईल. यातलं शेवटचं खरं असू शकतं, हे ताईला माहीत होतं आणि तिने ते तसं आईला सांगितलंही. गाळून ठेवलं नाही.

"होऊ दे," आई म्हणाली. "खरं बोलल्याबद्दल जे होईल ते होईल. खोट्याचं आपण बघितलं. त्या बाईची बोटं गेली, आणि मी रोज सकाळी त्याच जाळीला पाणी घालत होते."

जाळी आत आणून टेबलावर ठेवली तेव्हा कप बाजूला करावे लागले. डाव्या टोकाला पानांखाली पितळी पट्टी निघाली. आईने ती पदराने पुसली, ताईला निकालातला मशीनचा नंबर काढायला सांगितला, आणि दादाला म्हणाली, वाच.

आई थांबली. तिला कुठे जायचं नव्हतं.

"चार," दादा म्हणाला. "चार. एक. सात."

ताईने चौथ्या पानावर बोट ठेवलं होतं. तिने नक्कल त्याच्याकडे फिरवली. त्याने पाहिलं आणि खुर्चीत बसला. एवढा मोठा माणूस, पण बसल्यावर त्याचे पाय टेबलाखाली कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हतं. मग तो आईला म्हणाला, मान्य आहे. मी काढली. मला मान्य आहे.

"मला काय सांगतोस," आई म्हणाली. "उद्या दहा वाजता तिथे जाऊन सांग. ताई येईल बरोबर. तू बोल, ती इंग्रजीत करेल."

"मला नाही करता येणार, आई," ताई म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींतलं आधी कुठलं आवरावं ते समजत नव्हतं. "नात्यातल्या माणसाचं चालत नाही. त्याचं त्यालाच बोलावं लागेल."

दादा म्हणाला, त्याला जमणार नाही. कोर्टात उभं राहून इंग्रजीत बोलायचं म्हणजे त्याची जीभ वळत नाही. नवा वकील बघू, तो बोलेल, दोन दिवस तरी द्या.

धाकटीने चष्म्याचं घर उचलून आपल्या पिशवीत टाकलं. उद्या भेटीच्या वेळी न्यायचं होतं. मग ती दादाच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसली, जाळीच्या पलीकडे. गाडीत मागच्या सीटवर बसून ऐकलेलं सगळं तिला पाठ होतं.

"सोपं आहे, दादा. तीनच शब्द आहेत," ती म्हणाली. "मी शिकवते. म्हणा, आय प्लीड गिल्टी."

दादाने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. वहिनी टेबलावर सांडलेल्या कळ्या गोळा करत होती, तिने मान वर केली नाही. तो पुटपुटला. गिल्टी त्याच्या तोंडातच राहिलं.

धाकटी हसली नाही.

"नीट आलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा म्हणा."